सेवेच्या यादीत नाव नाही

रविवार, २४ सप्टेंबर

यादीत माझं नाव नाही!

तीनदा वाचली. चर्चच्या दारामागच्या फळ्यावर पुढच्या तिमाहीची सेवायादी लावलीय – फुलं, गायन, मुलांचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी. ‘प्रभुभोजनाची तयारी’ या ओळीपुढे सव्वीस वर्षं माझं नाव असायचं. पेले पुसायचे, द्राक्षरस भरायचा, पांढऱ्या कापडाला इस्त्री करायची. आता तिथे बँकवाली! ती मंडळीत येऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. बरं, मला दुसरीकडे टाकलं असेल म्हणून खालपर्यंत बोट फिरवलं. भेटींत नाही, खुर्च्या मांडण्यात नाही, कुठेच नाही. मागून सुतारकाकांनी विचारलं, “काय शोधताय?” म्हटलं, “काही नाही, चष्मा.” चष्मा नाकावर होता.

सोमवार, २५ सप्टेंबर

झोप नाही. पाळकांना माझं काही बोलणं लागलं असेल का? मागच्या महिन्यात मी पाळकबाईंना म्हणाले होते, “साहेबांचं प्रवचन छान असतं हो, फक्त संपल्यावरही चालू राहतं.” त्या हसल्या होत्या. घरी जाऊन सांगितलं असणार. माझी ही जीभ!

शिवणाच्या दुकानात पडद्याची झालर उलटी शिवली. मालकीण म्हणाली, “लक्ष कुठंय तुमचं?” दोन तास उसवत बसले.

बुधवार, २७ सप्टेंबर

शेवटी ह्यांना सांगितलं. म्हणाले, “बरंच झालं. जरा घरी बसशील.”

मी एवढी भडकले! लग्नं आणि अंत्यविधी सोडले तर चर्चची पायरी न चढणारा माणूस. “गाढवाला गुळाची चव काय,” म्हणून मोकळी झाले. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. रात्री जेवले नाहीत नीट. रुसले असतील. रुसू देत.

शनिवार, ३० सप्टेंबर

खरी भीती आज लिहूनच टाकते. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

लेकीच्या जन्माच्या वेळी माझं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर बाहेर ह्यांना म्हणाले, “मनाची तयारी ठेवा.” त्यांना वाटलं मी शुद्धीवर नाही. मला सगळं ऐकू येत होतं. तेव्हा मी मनात म्हणाले होते – प्रभू, वाचव मला, जन्मभर तुझं काम करीन. वाचले. त्याच वर्षी पेले पुसायला लागले.

पापातून तारण फुकट मिळतं, कृपेने मिळतं, कमवावं लागत नाही – मुलांच्या वर्गात मीच हे घोकून घेतलंय. पण आतून मी कधी फुकट समजलेच नाही. शब्द दिला होता ना! दर महिन्याला पेले ओळीत लावले की वाटायचं, चला, शब्द पाळतेय. आता कामच काढून घेतलं. त्याला मी नको असेन तर? मग वाचवलं कशाला? आणि दिलेलं परत घेतात का?

धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, तारण म्हणजे काय नोकरी आहे, काढून टाकायला?” आणि खो-खो हसली. मला नाही हसू आलं.

रविवार, १ ऑक्टोबर

बँकवालीने पेले काठोकाठ भरले! तबक तिसऱ्या रांगेपर्यंत यायच्या आत कापडावर हा मोठा डाग. मला आनंद झाला. होय, झाला – इथे तरी खोटं कशाला लिहू? मग लाज वाटली. प्रभुभोजनाला बसलेय आणि दुसरीच्या फजितीवर खूश! पेला घ्यावा की नाही? घेतला. घाईने तोंडाला लावला आणि माझ्याही साडीवर सांडला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

प्रवचनात पाळकांनी विचारलं, “आपलं तारण कशापासून झालं हे सगळ्यांना पाठ आहे. पण कशासाठी झालं?” बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. पुढचं काही डोक्यात शिरलं नाही. माझ्याकडेच का पाहिलं?

मंगळवार, ३ ऑक्टोबर

राहवेना. दुकानातून परस्पर पाळकांकडे गेले. म्हटलं, “काहीही द्या. संडास धुते.” माझ्या लेकीहून थोडेच मोठे आहेत ते. टेबलावरची टाचणी फिरवत बसले. “ताई, तुमच्यावर कोणी नाराज नाही. थोडी विश्रांती घ्या.”

“मी मागितली का विश्रांती?”

मी दाराशी पोचले तेव्हा हळूच म्हणाले, “घरी बोला ना एकदा. साहेबांशी.”

म्हणजे ह्यांनी तक्रार केली! एवढ्या वर्षांत न चढलेली पायरी चढले ती माझं काम काढून घ्यायला. सगळा रस्ता तरातरा चालत घरी आले.

बुधवार, ४ ऑक्टोबर

बोलणं बंद. चहा समोर आपटला. काय झालं म्हणून विचारलंही नाही त्यांनी! संध्याकाळी मी घरी शिवत बसले तर दोनदा खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी शिलाई मशीन आणखी जोरात चालवली.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

लेकीचा फोन. “आई, बाबांचा आवाज असा का येतोय?”

“कसा येतोय? आहे तसाच आहे.” फोन ठेवला आणि आत जाऊन पाहिलं. ते खुर्चीतच झोपले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. पट्ट्याला एक नवं भोक – वेडंवाकडं, घरीच खिळ्याने पाडलेलं. पट्ट्याचं उरलेलं टोक पार कमरेमागे गेलेलं. मी बाई मापं घेऊन पोट भरणारी! परक्या माणसाच्या खिडकीचं माप नजरेने सांगते. हे कसं दिसलं नाही मला?

उठवून विचारायला हवं होतं. हात पुढे केला आणि मागे घेतला. उद्या विचारते. भित्री आहे मी. देवा, काही नसू दे. अपचन असू दे. उगाच माझ्या मनाचे खेळ असू देत.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर, दुपार

गाठ आहे. पोटात. दोन महिन्यांपासून त्यांना माहीत आहे. पसरलीय, आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तक्रार नव्हती केली. पाळकांना म्हणाले होते, “थोडे दिवस तिला मला द्या. घरात एकट्याला भीती वाटते. तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू देवाच्या कामात असायचीस. मध्ये कसं बोलायचं?”

 मग म्हणाले, “मला प्रार्थना येत नाही. शिकवतेस?”

इतकी वर्षं चारचौघांत उभी राहून प्रार्थना केली मी. तोंडातून एक शब्द फुटेना. नुसती रडले. ते म्हणाले, “एवढीच असते होय? मग येईल मला.”

आता डोळा लागलाय त्यांचा. अक्षर वाकडं येतंय. डाव्या हाताने लिहितेय – उजवा त्यांनी सोडलेला नाही.