तुळसाबाईचा तांब्या

अकोला, रविवार, १२ मार्च १९६१

आज भांडूनच आले. चुकलं का माझं? मुळीच नाही.

आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक वकीलसाहेबांकडे होती. फुलं विकणारी तुळसाबाई चपला काढून आत यायला लागली, तर ते म्हणाले, "तुम्ही ओसरीवरच बसा." काहून? तीही सभासदच आहे. माझ्या घरी बैठक असली की एकाच सतरंजीवर बसतो आम्ही.

सगळे माशांच्या काचेच्या पेटीकडे बघायला लागले. आणि त्याच पेटीत तिचा तांब्या!

मागच्या उन्हाळ्यात साहेबांनी पेटी घासून लख्ख केली, सगळं पाणी नवं भरलं, आणि मासे मेले. नव्या पाण्यात मासा जगत नाही, म्हणून आमचा रिवाजच आहे, प्रत्येकानं आपल्या पेटीतलं तांब्याभर जुनं पाणी आणून ओतायचं. पहिला तांब्या तुळसाबाईचा. भर उन्हात, पदराखाली झाकून आणलेला.

मी त्या तांब्याची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "पाण्याची गोष्ट वेगळी, मास्तरीणबाई."

ओसरीवरून तुळसाबाई म्हणाली, "जाऊ द्या बाई, मले सवय हाये."

मले नाही! उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. मंडळातले कंपाउंडर तेवढे मागोमाग आले. बाकीच्यांना आतला पंखा सोडवेना.

निघताना दारातूनच सांगून आले, "साहेब, तिले बाहेर ठेवाचं असन, तं आधी तुमच्या पेटीतून तिचा तांब्या येगळा काढून दाखवा."