विंडोची जुनी जागा

सोमवार, ३ मार्च

नुसता जळफळाट होतोय! साहेब आज सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या बहिणीचं डोकं काय चालतं हो!" बहिणीचं. माझं सहा वर्षं गंजत पडलं होतं वाटतं.

स्क्रीनवरची विंडो जरा हलली की माझा कोड अख्खा स्क्रीन नव्याने रंगवतो — सेकंदाला साठ वेळा. आधी आत लपवून पूर्ण चित्र, मग एकदम समोर. स्क्रीन कधी लुकलुकला नाही. धाकटीचं म्हणणं, बदललं तेवढाच तुकडा रंगवायचा. बॅटरी दुप्पट चालते म्हणे! आणि हे सगळं उभं केलंय माझ्याच जुन्या कोडवर. त्याला हात मात्र लावलेला नाही — ज्याचा कोड त्याला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, हा आमचा नियम.

या ऑफिसात तिला आणलं कोणी? मीच!

शुक्रवारी डेमो. त्यावरून टीमचा प्रमुख ठरणार. ती किंवा मी.

मंगळवार, ४ मार्च

आईचा फोन. पाऊण तास धाकटीपुराण. शेवटी, "तुझं बरं चाललंय ना?"

बुधवार, ५ मार्च

सापडलं! विंडो सरकली की दोन जागा रंगवाव्या लागतात — जिथे गेली ती, आणि जिथून निघाली ती. तिच्या मागून जाताना पाहिलं. जुनी जागा रंगवायची राहूनच जातेय!

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पडू दे एकदा तोंडावर.

गुरुवार, ६ मार्च

धाकटी टेबलापाशी आली. "ताई, दोन मिनिटं आहेत का गं?"

"कामात आहे."

कामात कसली! एकच मेल चार वेळा वाचत होते.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांनी विंडो ओढली — मागे वीस विंडोंची रांग! सगळे हसले. मीही. धाकटी लालबुंद. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली.

प्रमुख मी! खोटं कशाला लिहू — त्याहून जास्त बरं वाटलं ते तिचा चेहरा पाहून.

सोमवार, १० मार्च

तिची चूक निस्तरायला बसले. जुनी जागा कुठली, हे तिचा कोड माझ्या कोडला विचारतो. आणि माझा नवीच जागा सांगतो! सहा वर्षं. अख्खा स्क्रीन रंगवत होते, म्हणून कधी कळलंच नाही.

माझ्या कोडला विचारणाऱ्या त्या ओळीशेजारीच तिने स्वतःपुरती टीप लिहून ठेवलीय. गुरुवारची.

"जुनी जागा चुकीची येतेय. साहेबांना सांगायला नको. आधी ताईला विचारते."