पितळी बुटांची जोडी

पोर्ट ग्लासगो,
रविवार, १२ मे १९९६

प्रिय डंकन,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. पाऊस आहेच, त्याचं वेगळं काय लिहू! आई गेल्यापासून नाताळच्या कार्डाखेरीज आपण एकमेकांना ओळ लिहिलेली नाही, म्हणून हे जाड पाकीट पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. मी जिंकले आहे.

काल टाउन हॉलमध्ये आमच्या संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. तुझ्या भाषेत भंगारवाल्यांची जत्रा. यंदा नियम एकच होता: दुकानातली वस्तू चालणार नाही, जहाजं बांधायच्या यार्डात फोरमनची नजर चुकवून घरासाठी केलेला ‘होमर’च हवा. माझ्या टेबलावर रिव्हेटांच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या, तांब्याच्या पाइपचा चहाचा डबा आणि मधोमध बाबांनी केलेला शोभेचा पितळी बूट. माझ्या वाटणीचा, डावा.

तेवढ्यात गॅव्हिन पोलॉक आला. हा इंजिनांच्या नामपट्ट्या जमवतो, त्यामुळे नाक कायम वर. बूट उचलून म्हणाला, “विल्मा, असले बूट बाजारात ढिगाने मिळायचे. आणि तुझे वडील तर यार्डात झाडू मारायचे ना?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ते वाक्य तुझं होतं. आईला मूठमाती देऊन आल्यावर याच खोलीत तू हेच म्हणालास, की बाबांनी बूट विकत आणले आणि जन्मभर स्वतः केले म्हणून मिरवले. मग उजवा बूट काखेत मारून तू गाडीत बसलास. बाजारातलाच होता तर नेलास कशाला, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

आज रविवार. शेल्फ रिकामं पाहून तू घर डोक्यावर घेतलं असशील. मोइरा तुझी बायको असली तरी तिच्यावर ओरडू नकोस, तुझा बूट मागितला मीच. तिने सोबत लिहिलंय की दर रविवारी तू तो स्वतः पुसतोस, मुलींना हात लावू देत नाहीस, आणि कलंडू नये म्हणून खाली काडेपेटीतली काडी सरकवतोस.

डंकन, मी माझ्या बुटाखाली पेनीचं नाणं सरकवते. इतकी वर्षं.

तुला न विचारता मांडायचा धीर होत नव्हता, म्हणून तुझा बूट पिशवीतच होता. पोलॉक बोलला आणि धीर आला. मी तो डाव्याशेजारी ठेवला, पेनी काढून घेतली. दोन्ही बूट एकमेकांकडे झुकले, टेकले आणि ताठ उभे राहिले.

परीक्षक ईशबेल गूर्ले बाईंनी जोडी धरून उलटी केली. कानशीचे ओरखडे एका तळव्यावरून थेट दुसऱ्यावर गेलेले. त्या म्हणाल्या, “दुकानातला बूट एकटा उभा राहतो. हे दोन्ही एकत्र आवळून घासलेत, तेही घाईघाईत, दाराकडे बघत. याहून अस्सल होमर मी पाहिला नाही.”

यार्डातले सगळे म्हातारे टेबलं बडवायला लागले. पोलॉकने टोपी काढली, तसा वाईट नाही तो. पहिलं बक्षीस! कार्डावर काय लिहायचं विचारलं, तेव्हा मी मोठ्याने सांगितलं: वॉल्टर कॅल्डरवुड, झाडूवाला. मग मात्र मला रडू आवरेना.

बूट परत पाठवायचं मोइराला कबूल केलं होतं. सकाळी खोकाही आणला. पण तुझा उचलला की माझा कलंडतो, म्हणून दोन्ही पुन्हा शेकोटीवरच्या फळीवर ठेवले. पोस्टाने काही येणार नाही, तुलाच यावं लागेल. मनुकांचं गोड डम्पलिंग करीन, आईसारखं जरा करपलेलं. तू चुकलास हे कबूल करायची गरज नाही, नुसतं फळीसमोर उभं राहा.

सोबत माझी पेनी पाठवते. गाडीभाड्याला धर. मला आता ती लागत नाही.

वाट पाहणारी, झाडूवाल्याची थोरली,
विल्मा