पुदिन्याची टाळी

प्रिय भिंगरी,

तुझ्या घरी आलेलं पाकीट आधी कोण फोडतं ते मला ठाऊक नाही, म्हणून हे तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर धाडतेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सावकाश वाच. बारच्या काउंटरवर उभी राहून नको, आत जाऊन वाच.

रविवारी तुम्ही दोघं इकडे आलात तेव्हा तू आम्हा सगळ्यांना ते थंडगार कॉकटेल पाजलंस. कलिंगड, संत्रं, लिंबू, पुदिना, बर्फ आणि वरून बाटलीतलं काय ते. फळांच्या रसात दारू ओतायची आणि त्याला भारी नाव द्यायचं, हा तुमचा धंदा. तुझा बाप दोन ग्लास रिचवून सोफ्यावर घोरायला लागला. तुझ्या आईने तर तळातलं संत्रंही सालीसकट चावलं. सगळे वाहवा करत होते. मला मात्र ते कडू लागलं. मग मी तुझ्याकडे बघत राहिले.

पुदिना कुटला की कडवट होतो, हे तूच मला सांगितलेलंस. पानं तळहातावर ठेवायची, एक टाळी द्यायची, की वास सुटतो. लग्नाआधी तुझ्या त्या टाळीने माझी दुपारची झोप कितीदा मोडली असेल. यावेळी टाळी ऐकूच आली नाही. तू पुदिना खलबत्त्यात कुटत होतीस, तोही डाव्या हाताने. उजवा हात बाहीत, आणि बाही एवढ्या उकाड्यात बोटांपर्यंत ओढलेली.

हाताला काय झालं विचारलं, तर तू तोंड उघडायच्या आत तुझा नवरा म्हणाला, "दारात सापडला हो, आजी. हिचं लक्ष कुठे असतं?" आईला मात्र तू बाथरूममध्ये घसरल्याचं सांगितलंस. एका हाताला दोन कारणं कशी? मी दुसरीपुढे शिकले नाही, पण एवढं मला कळतं. आणि त्याने ग्लास पुढे केला तेव्हा तू अंग चोरलंस. ग्लासाला कोण घाबरतं गं?

आईला मी यातलं काही बोललेले नाही. ती आधी रडेल आणि मग फोन करून त्यालाच विचारेल.

पाकिटात मागच्या दाराची किल्ली आहे. कामावरून सुटलीस की परस्पर इकडे ये. बॅग भरायला घरी जाऊ नकोस, त्याला कळवत बसू नकोस. माझ्या खोलीला आतून कडी आहे, आणि बाहेर मी आहे. कुंडीत पुदिना माजलाय. तुझा हात बरा होईस्तोवर टाळीला एक तळवा तुझा, एक माझा.

तुझीच,
खवचट आजी