बाप नसलेल्या मुलींचं वसतिगृह

८ ऑगस्ट १९६४, शनिवार

आज वसतिगृहात कवितेच्या तासाला नऊच मुली बसल्या. बाकीच्यांना म्हणे मराठी नको, हिंदीच बरी! हे राज्यच हिंदी, शाळा हिंदी, बाजार हिंदी — दोष कुणाला देऊ? तरी डोळे मिटले की माझा जुना वर्ग ऐकू येतो. सगळी पोरं एका सुरात, खिडकीबाहेर चिंच, आणि शेवटच्या ओळीला आवाज आपोआप हळू होई. कुणी शिकवलं नव्हतं तसं.

पुष्पलतानं मध्येच विचारलं, "गुरुजी, कवितेतले पक्षी सगळे खुशच काहून राह्यतात?" मुली हसल्या. सातवीतली पोर, कटंगीकडची, बौद्ध घरातली. मी अडलो तर पुढची ओळ तीच देते.

निघताना बंडोपंतांनी थांबवलं. वसतिगृह चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस ते. बाप नसलेल्या मुलींनाच मंडळ ठेवून घेतं — जेवण, कपडे, फी. वर्षातून एकदा कुणीतरी मुलीच्या घरी जाऊन यायचं, असा नियम. म्हणाले, तुम्ही रिटायर माणूस, जरा हिंडा. पुष्पलताचं घर माझ्या वाट्याला आलं.

१२ ऑगस्ट

पाऊस. गुडघा. गेलो नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

कटंगीच्या बसनं गेलो, पुढे चिखलातून पायी. वाटेत हिरवं धान वाऱ्यानं लवत होतं. एक जुनी ओळ गुणगुणत गेलो. परतताना आठवली नाही.

पुष्पलताची आई मैनाबाई धानाच्या रोवण्यावरून नुकतीच आली होती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. चहा केला, मी प्यालो. मागच्या पडवीत कुणीतरी घोंगडी ओढून पडलेलं, सारखा खोकला. कोण म्हणून विचारलं. धाकटा दीर, म्हणाली. मँगनीजच्या खाणीवर होता, धूळ छातीत बसली.

मी सहज त्याचं नाव विचारलं. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं. तिनं पदर पुढे ओढला, मान खाली घातली. धाकट्या दिराला तर बायका नावानं हाक मारून कामं सांगतात! नाव ओठात अडतं ते एकाच माणसाचं.

पडवीतून त्यानंच सांगितलं, "डोमाजी, गुरुजी."

मंडळाच्या वहीत पुष्पलताच्या बापाचं नाव डोमाजी आहे. मयत डोमाजी.

मग मैनाबाई म्हणाली, "जित्या बापानं काय देल्लं असतं पोरीले, गुरुजी? मेलेल्यानं दोन टाइम भात देल्ला."

तो पडल्या पडल्या हसला. "मी तं मरूनच राह्यलो. जरा आधी सांगतलं, एवढंच."

खोकला थांबेपर्यंत मी बाहेर बघत राहिलो.

१७ ऑगस्ट

बंडोपंतांना सांगितलं, घर पाहिलं, सगळं ठीक. ते पान लावत होते. वर बघितलंही नाही. खोटं इतकं सोपं असतं!

५ सप्टेंबर, शनिवार

कविता चालू असतानाच डोमाजी फाटकाशी आला. एवढ्या लांब, त्या छातीनं! धोतराच्या सोग्यात मक्याची कणसं. वसतिगृह सांभाळणाऱ्या अलकनंदाबाईंनी कोण म्हणून विचारलं. काका, म्हणाला. पुष्पलताला हाक गेली. ती शांतपणे गेली, "जयभीम, काका," म्हणाली, कणसं घेतली. दोघंही एकमेकांकडे न बघता उभी राहिली. मग तो गेला, भिंतीला धरून धरून.

ती परत बसली आणि उरलेली कविता एकटीनं म्हटली. एक मात्राही हलली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

२६ सप्टेंबर

पोरीच्या वाढत्या अंगाला भात लागतोय. गाल भरले. एवढंच बघायचं, असं मनाला सांगतो.

११ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मैनाबाई माझ्या ओसरीवर येऊन बसली. पदरानं तोंड झाकलेलं. डोमाजी परवा गेला. मूठमाती झाली. सगळा गाव आला, पोर नव्हती.

पोरीला घरी न्यायचं का, मी विचारलं. म्हणाली, "काय सांगून नेता? त्यायच्यासाठी तो कधीच मेला."

मी म्हटलं, काका वारले म्हणू. उठलो, तसाच वसतिगृहात गेलो. अलकनंदाबाई वाईट नाहीत. पण म्हणाल्या, चुलत्यासाठी सुट्टी देत नाही, गुरुजी. एकीला दिली की सगळ्यांचे काका मरतात. मी हसल्यासारखं केलं. काय करणार होतो?

पुष्पलताला स्वयंपाकघरामागे नेलं. काका परवा गेले, असंच म्हणालो. दुसरा शब्द तोंडातून निघेना. जन्मभर शब्द शिकवले!

तिनं विचारलं, "बाबा?"

मी मान डोलावली.

मग तिनं इकडेतिकडे बघितलं. आत मुली ताटं घासत होत्या. हळूच म्हणाली, "गुरुजी, मी इथं रडू काय?"

मी नको म्हणालो. नको बेटा, इथं नको. दिवाळीला घरी जाशील तेव्हा रड.

ती "हौ" म्हणाली. आत जाऊन ताटं घासायला बसली.

घरी येऊन मैनाबाईला सांगितलं, पोरगी समजूतदार आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी नजर काढून घेतली. दुपारच्या बसनं ती गेली.

१२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळच्या प्रार्थनेत सगळ्या मुली डोळे मिटून उभ्या होत्या. पुष्पलता एकटीच मोठ्यानं म्हणाली, "माहा बाप शुक्रवारी मेला. तो काका नव्हता." आणि तिथंच जमिनीवर बसून रडली.

संध्याकाळपर्यंत मंडळानं तिचं नाव काढलं. तिची पेटी माझ्या ओसरीवर आहे.