गाळलेल्या पाण्याचा हिरवा भात

ती. मी-रान मावशीस,

दानबीचा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार. (माझ्या खोलीत तेवढी जमीन नाही, त्यामुळे कपाळ खुर्चीला लागलं, पण भाव तोच.) तुझे गुडघे कसे आहेत? जेजू बेटावर वारा सुटला की ते दुखतात, आणि जेजूला वारा नाही असा दिवस मला आठवत नाही, म्हणून दुखतच असतील असं धरून चालते. संत्र्यांची काळजी घे, पण शिडीवर तू चढू नकोस.

आता सगळ्यात आधी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की सॉकजूच्या बाबांनी माझा पाण्याचा फिल्टर हिसकावून झऱ्याच्या कुंडीत फेकला. तसं झालेलं नाही. फिल्टर माझ्याच हातातून पडला. मी माफी मागायला कमरेत वाकले आणि हात ओले होते. ते पत्र मी परतीच्या बसमध्ये रडत लिहिलं होतं, आणि रडताना कुणाच्या हातून काय पडलं हे नीट दिसत नाही. तू ते आईला वाचून दाखवलंस, आईने बाबांना सांगितलं, आणि पुसानच्या मोठ्या मामांपर्यंत ते ‘म्हाताऱ्याने पोरीला पाण्यात ढकललं’ असं पोचलं आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून आणि खरं खरं लिहिते. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

सॉकजूने मला लग्नाचं विचारलं आहे आणि मी अजून हो म्हटलेलं नाही, हे तुला माहीत आहेच. तो चांगलाच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण आमच्या बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, आणि मला शाळेत घालायच्या आधी त्यांनी घरीच पहिला धडा दिला तो असा: कुठलंही पाणी आधी भांड्यात ठेवायचं, वास घ्यायचा, तळ बघायचा, मग तोंडाला लावायचं. मी तो धडा पाण्यापुरता ठेवला नाही, ही माझी अडचण. सॉकजूचा तळ म्हणजे त्याचं घर, आणि त्या घरात आहेत एकटे त्याचे बाबा. म्हणून असं ठरलं की आधी त्यांना भेटायचं, मग आम्ही दोघांनी पाठीवर सामान घेऊन तीन दिवस डोंगरधारेवरून चालायचं, आणि मग मी उत्तर द्यायचं.

तू म्हणालीस, “डोंगरात जातेयस ना, मग एक फिल्टर घे माझ्याकडून.” तुझ्या दृष्टीने ते एक वाक्य होतं. मला त्याला तीन आठवडे लागले. गोळ्या टाकून पाणी शुद्ध करावं, तर अर्धा तास तहानलेलं बसायचं आणि मग पोहण्याच्या तलावाची चव प्यायची. अतिनील दिव्याने जंतू मारावेत, तर बॅटरी संपली की आपण आणि जंतू अंधारात समोरासमोर. पंपाचा फिल्टर उत्तम, पण तो उचलायला वेगळा माणूस हवा. झाडाला टांगायची पिशवी दहा जणांना पुरते, आणि आम्ही दोघं. शेवटी पिळायचा घेतला: मऊ पिशवीत पाणी भरायचं, पिशवीच्या तोंडाला नळकांडं बसवायचं आणि पिळायचं. त्याच्या आत शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा असतो, पाणी पार होतं, गाळ आणि जंतू अडतात. मी दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, “ताई, तुम्ही डोंगरावर चाललाय की दवाखाना काढताय?” पण त्याने एक गोष्ट सांगितली ती माझ्या झोपेच्या मुळावर आली. हा फिल्टर ओला असताना एकदा जरी गोठला तरी आतल्या नळ्या तडकतात आणि बाहेरून काही कळत नाही. बाहेरून ठणठणीत आणि आतून गेलेलं, अशा वस्तूंची (आणि माणसांची) मला फार भीती वाटते. म्हणून थंडीत त्याला पांघरुणात घेऊन झोपायचं असतं. मी सवय व्हावी म्हणून घरीच सुरुवात केली. सप्टेंबरात.

तर आता ती भेट. सॉकजूच्या गावामागे औषधी पाण्याचा झरा आहे. त्याचे दगड गंजासारखे लाल, आणि पाण्याची चव लोखंडी खिळा सोड्यात बुडवून चोखावा तशी. त्याचे बाबा झरा मंडळाचे अध्यक्ष. घरापासून झरा इतका जवळ की हातातली कॉफी निवत नाही, पण ते रोज पहाटे पायात डोंगरी बूट, हातात दोन काठ्या, डोक्यावर कानटोपी आणि पाठीवर बर्फातसुद्धा पुरेल अशी पिशवी घेऊन निघतात, झरा झाडतात आणि पाणी प्यायच्या भोपळ्याच्या डवल्या धुऊन टांगतात. मंडळातली बाकीची मंडळी तिथे कंबर फिरवणं, टाळ्या वाजवणं आणि एकमेकांचं उणंदुणं काढणं असे व्यायाम करतात.

त्यांनी डवली भरून दोन्ही हातांनी पुढे केली. मी दोन्ही हातांनी घेतली. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे झालं. मग सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले आणि माझ्या कानात आमचे बाबा बोलू लागले. मावशी, खरं सांगते, मला एक घोट प्यायला काय झालं असतं? पण माझा हात पिशवीत गेला, फिल्टर बाहेर आला, आणि मी ते पाणी सर्वांसमक्ष गाळायला घेतलं. कुंडीतल्या पाण्यातल्या लाल गाळाने नळ्या लगेच तुंबल्या. थेंब थेंब यायला लागलं. मी जोर लावला. जोड सुटला आणि सगळं लाल पाणी अध्यक्षांच्या तोंडावर उडालं. मी माफी मागायला वाकले आणि फिल्टर कुंडीत गेला.

“घ्या अध्यक्ष,” त्यांच्या शेजारच्या छॉन आजी म्हणाल्या, “आज आंघोळही इथेच उरकली.” मग माझ्याकडे वळून, “पोरी, साठ वर्षं मी हेच पाणी पितेय. काय झालं गं मला?”

“काय झालं ते घरी जाऊन आरशाला विचार,” मागून एक आजोबा म्हणाले.

“असली सून आली तर नवऱ्यालासुद्धा उकळून घेईल,” हे वाक्य मी गेल्या पत्रात सॉकजूच्या बाबांच्या तोंडी घातलं होतं. तेही छॉन आजींचं, आणि त्या हसत होत्या. बाबांनी कुंडीतून फिल्टर उचलला, गळ्यातल्या पंच्याने पुसला आणि मला परत दिला. दोन्ही हातांनी. हे लिहायचं राहिलंच होतं, आणि तेच तर मुख्य.

त्यानंतर तो मोठा पाऊस झाला. पालिकेच्या लोकांनी झऱ्याचं पाणी तपासलं आणि ‘पिऊ नये’ म्हणून पट्टी बांधली. दोन दिवसांनी मला बाबांचा फोन आला. “एकटीच ये. सॉकजूला सांगू नकोस.” मला वाटलं, आता स्पष्ट नाही म्हणणार. वाटेत मी नकार कसा नम्रपणे ऐकून घ्यायचा याची तयारी केली. ते पट्टीच्या अलीकडे, पूर्ण पोशाखात, एकटेच दगडावर बसले होते. आसपास कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

“ती तुझी नळी,” ते म्हणाले, “काय काय अडवते?”

“गाळ अडवते. बहुतेक जंतू अडवते.”

“आणि औषध?”

“विरघळलेलं लोखंड आरपार जातं, बाबा. असं वाचलंय मी.”

“वाचलंयस. बघितलंयस का?”

बघितलं नव्हतं. शिवाय मला गप्प बसवेना, म्हणून हेही सांगून टाकलं की काही जंतू या नळ्यांच्या भोकांहूनही बारीक असतात, तेव्हा गाळलेलं पाणीसुद्धा पट्टी असेपर्यंत उकळल्याशिवाय मी त्यांना पिऊ देणार नाही. (‘मी पिऊ देणार नाही’! त्यांच्याच झऱ्यावर!) “उकळायचं म्हणजे बुडबुडे गेले,” ते म्हणाले. मग पाण्याकडे बघून म्हणाले, “भात लावू. लोखंड असेल तर भात सांगेल.” त्या गावात पाहुण्याला याच पाण्यात शिजवलेला भात वाढतात, तो हिरवट होतो. हिरवा झाला नाही तर यजमानाने पाणी नळाचं वापरलं असं समजतात आणि वर्षभर नावं ठेवतात.

पट्टी बांधणाऱ्यांना विचारून मी एक बाटली भरली, रात्रभर बाबांच्या ओट्यावर ठेवली आणि सकाळी गाळून भात लावला. मावशी, इतका पांढरा भात मी जन्मात पाहिला नाही. बाबांनी झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. “गेलं औषध,” म्हणाले. तरी जेवले, कारण अन्न टाकत नाहीत, पण किमचीला हातही लावला नाही. मी भांडी घासायला घेतली, आणि सवयीने त्या बाटलीचा तळ बघितला. तळाशी लाल साका! रात्रभरात लोखंड पाण्यातून सुटून गंज होऊन खाली बसलं होतं, आणि फिल्टरने त्याचं काम चोख केलं होतं. चुकला तो फिल्टर नव्हता, मी पाणी शिळं केलं होतं.

मी ओरडलेच. बाबा धावत आले, त्यांना वाटलं हात भाजला. फिल्टर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवला, मग पिचकारीने उलट्या बाजूने पाणी मारलं. लाल धार सुटली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक नकाशा उमटला, जो अजून आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे झऱ्याच्या तोटीलाच पिशवी लावली, तिथेच पिळलं, आणि भांडं घेऊन आम्ही घराकडे पळालो. पुढे अध्यक्ष, मागे मी. छॉन आजी दारातून ओरडल्या, “काय चोरलंत रे दोघांनी?”

भात हिरवा झाला. वाटाण्याची साल असते ना, आतली, तेवढा हिरवा. बाबांनी एक वाटी खाल्ली, दुसरी खाल्ली, मग चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “हे डोंगरावरच्या पाण्यालाही चालतं?” मग हळूच सांगितलं की ते झऱ्याच्या वर कधी गेलेलेच नाहीत. दुसऱ्या पाण्यावर विश्वास बसत नाही, आणि तीन दिवसांचं आपलं पाणी पाठीवर घेऊन चढवत नाही. “एवढे बूट घेतले,” ते म्हणाले, “एकाचाही तळ झिजला नाही.”

मी म्हटलं, “बाबा, मी इतक्या शंका काढते, तुम्हाला राग नाही आला?”

“सॉकजू लहानपणापासून समोर येईल ते न बघता पितो,” ते म्हणाले. “त्याच्याजवळ फिल्टरवालं माणूस असलेलं बरं.”

सगळ्यांना नमस्कार सांग. पुसानच्या मामांना हे पत्र तू स्वतः वाचून दाखव, कृपा करून गोष्ट सांगू नकोस.

तुझी,
दानबी

ता. क. बाबाही आमच्याबरोबर डोंगरधारेवर येत आहेत. सॉकजूला अजून माहीत नाही. ते घोरतात, असं छॉन आजींनी (भिंतीपलीकडून ऐकून) कळवलं आहे. तुझा मोठा तंबू पाठव. त्यापेक्षा तंबू घेऊन तूच ये. गुडघ्यांना काठ्या देऊ, अध्यक्षांकडे जास्तीच्या चार जोड्या आहेत.

ता. क. २. पालिका पुढच्या आठवड्यात पाणी पुन्हा तपासणार आहे. मंडळाने झऱ्यावरचा तुंबलेला चर मोकळा केला. आशा आहे. तरी मी त्यांना उकळायला पातेलं नेऊन दिलं आहे.

ता. क. ३. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं आणि मग धीर झाला नाही. आई म्हणाली की माझं रडकं पत्र वाचून तू माझ्यासाठी एक दातांचा डॉक्टर बघितला आहेस, आणि तो मला भेटायला जेजूहून विमानाने येतो आहे. त्याचं तिकीट आजच रद्द करायला सांग. त्या गृहस्थांची काही चूक नाही, चूक माझ्या पत्राची, असं त्यांना माझ्या वतीने वाकून सांग. ते ज्या दिवशी यायचे आहेत त्याच दिवशी सकाळी आम्ही चढायला लागतो आहोत, आणि पहिल्या ओढ्यावर, सॉकजूने न बघता ओंजळ तोंडाला लावायच्या आत, मी त्याला हो म्हणणार आहे. शनिवारी, अठरा ऑक्टोबरला.