व्हिन्सेंटचं बावखल

९ मे २००५

एक शब्दही नाही! कुजबुजही नाही — कुजबुजण्याने घशाला उलट जास्त ताण पडतो म्हणे. स्वरतंतूवरची गाठ काढली, आता डॉक्टर सांगतील तोवर तोंड बंद. तीस वर्षं माइकशिवाय सभा गाजवल्या, त्याची ही बक्षिसी. प्रेमलता मात्र खुशीत. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होतंय," शेजारणीला सांगत होती. माझ्यासमोर!

१२ मे

शेजारच्या व्हिन्सेंटचा मुलगा मार्सेल कुंपणाशी आला. "काका, सायलेंट मोडवर का? आमचं बावखल भरून बिल्डिंग करतोय. बावीसला आळीची सभा आहे. या ऐकायला."

ऐकायला!

पावसाचं पाणी साठवायला व्हिन्सेंटच्या आजोबांनी वाडीत खणलेलं ते तळं. जमीन त्यांची, पण त्याच्या पाझरावर आळीतल्या सगळ्या विहिरी. म्हणून आळीला विचारल्याशिवाय तिथे फावडं लावायचं नाही, ही रीत. आजवर हा विषय निघाला की मी उभा राहायचो आणि विषय संपायचा.

व्हिन्सेंट आणि मी त्यातच पोहायला शिकलो. घरात आता मार्सेलचं चालतं, हे कळतं. पण हा गप्प कसा बसतो?

१३ मे

प्रेमलतेला चिठ्ठी दिली — व्हिन्सेंटशी बोलून येतेस का? "चष्मा नाही. नंतर." संध्याकाळी चष्मा सापडला. "तुमची भांडणं तुम्हीच भांडा."

रागावायचं तेही लिहून. लिहीपर्यंत राग निवतो.

१८ मे

भाषण लिहून काढलं. पाण्यावरची सगळी पुस्तकं पुन्हा चाळली आणि मग मिटून ठेवली. गोष्ट साधी आहे. डोंगरावरचं पाणी आणि आपलं पाणी एकाच खाडीने समुद्राला जातं. भरती असली की खाडी पाणी घेत नाही, मागे लोटते. तेवढा वेळ पाऊस काही थांबत नाही! मग पाण्याने थांबायचं कुठे? बावखलात. ओहोटी लागली की ओहोळाने सावकाश निघायचं. उरलेलं मुरतं, विहिरी गोड राहतात, खारं पाणी आत सरकत नाही.

शेवटच्या पानावर मागणी — हे बावखल भरू नका. ओहोळातला गाळ काढा. बुजवलेली बावखलं पुन्हा खणा. नुसतं राखायचं नाही, गेलेलं परत आणायचं! इथे टाळ्या आल्या असत्या.

मंडळाचा चिटणीस प्रल्हाद वाचेल.

२२ मे, रविवार

मेलो!

रॉकेलवाटपाची सूचना वाचावी तसं वाचलं त्याने. "भरती असली की" — इथे थांबला, नाक पुसलं, पान उलटलं. मागून कोणीतरी, "आटप रे, मॅच आहे!" दुसऱ्या पानानंतर "वगैरे वगैरे" म्हणून कागदांची घडी घातली. मागणी शेवटच्या पानावर! आधी लोकांना तापवायचं, मग मुद्दा मांडायचा — माझी जन्माची सवय.

मी उठलो. प्रेमलतेने शर्ट ओढला. "कायमचा आवाज घालवाल." पुढच्या सगळ्या सभा डोळ्यांपुढे आल्या. बसलो.

मार्सेल म्हणाला, "काकांनी छान माहिती दिली. विरोध असता तर गप्प बसले असते का? कधी बसलेत?" सगळे हसले. आळी तयार झाली.

भरणीच्या कागदावर सही व्हिन्सेंटची. पेन हातात धरून तो सारखा माझ्याकडे बघत होता. जिंकलेल्या माणसाचं बघणं! मला बघवेना. मान खाली घातली.

३० मे

डंपर. तुटक्या फरश्या, विटांचे तुकडे, काळी माती. संध्याकाळपर्यंत मधून मधून बुडबुडे येत होते.

८ जून

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. "काहीतरी बोला," म्हणाले. स्वतःचं नाव सांगितलं — शरदचंद्र.

येताना नाक्यावर व्हिन्सेंट दिसला. रस्ता बदलला.

२७ जुलै

काल दुपारपासून. भरती आणि पाऊस एकदमच. पाणी आळीत शिरलं आणि तिथेच चढत राहिलं. शब्दशः माझं पहिलं पान! बरोबर ठरल्याचा असा संताप कधी आला नव्हता.

व्हिन्सेंटचं घर सगळ्यांत सखल. त्याची बायको ग्रेसी वर्षभर अंथरुणावर. मार्सेलने आणि त्याने तिला दाराच्या फळीवर घालून छातीभर पाण्यातून आमच्या माडीवर आणलं. मार्सेलचे ओठ पांढरे. मी तोंड उघडलं — सगळी वाक्यं तयार होती. आवाजही होता. ग्रेसी कुडकुडत होती. चादर आणायला गेलो.

२८ जुलै

वीज नाही. ग्रेसीला ताप. बाहेर अजून कमरेइतकं पाणी, डॉक्टर येणार कुठून? व्हिन्सेंट तिच्या उशाशी जपमाळ घेऊन बसलाय. माझ्याकडे बघत नाही.

३१ जुलै

पाणी ओसरलं. ग्रेसीला हॉस्पिटलात नेलं. तिच्यामागून उतरताना व्हिन्सेंट जिन्यात थांबला.

"शरद, मला ते भरायचं नव्हतं रे. पोराला एकट्याने नाही म्हणवेना, म्हणून तुझ्याकडे बघत बसलेलो. तू नुसती मान हलवली असतीस तरी पेन ठेवलं असतं. तू ती खाली घातलीस."